ओसेले मिस्त्रीकडचा मंगळवार

ओसेले : ...ते सगळं ठीक आहे मास्तर, पण गेलं कोण ते आधी सांग. उंची, खांदे, ते नंतर बघू.

एजोकू : अहो मिस्त्री, कोणी गेलं नाही! तिसऱ्यांदा सांगतोय. घरातले सगळे धडधाकट आहेत.

ओसेले : मग पेटी कोणासाठी?

एजोकू : पेटी नकोच आहे मला.

ओसेले : शवपेट्यांच्या दुकानात उभा राहून म्हणतोस पेटी नको. उद्या मी तुझ्या दुकानात येतो आणि म्हणतो, मास्तर, शिवायचं काही नाही, सहज आलो.

एजोकू : मला ते लोक हवेत. मंगळवारी बसतात ते.

ओसेले : कुठले?

एजोकू : ते हो... गोल करून बसतात. एकेक जण बोलतो, बाकीचे ऐकतात. कोणी कोणाला नावं ठेवत नाही.

ओसेले : असे लोक आपल्या सोरोटीत पावलोपावली बसलेत. मध्ये मडकं असतं, मडक्यात प्यायच्या लांब नळ्या असतात.

एजोकू : तेच तर झालं ना माझं! दवाखान्यातल्या नर्सबाईंनी सांगितलं, बाजाराच्या मागच्या अंगाला कुठेतरी असा गट आहे. मी त्यांचे शब्द पाठ केले आणि तसेच्या तसे विचारत सुटलो. पहिल्याने मला कुठे पाठवलं असेल?

ओसेले : आसिओच्या अंगणात.

एजोकू : आसिओच्या अंगणात! गोल होता. एकेक जण बोलत होता. बाकीचे ऐकत होते. कोणी कोणाला नावं ठेवत नव्हतं. आणि मध्ये हे एवढं आजोनचं, नाचणीच्या दारूचं मडकं. माझी जागासुद्धा त्यांनी रिकामी ठेवली होती मिस्त्री. चौदा दिवस मी फिरकलो नाही तरी.

ओसेले : पत्ता तर बरोबर जुळला.

एजोकू : तिथून पळालो. दुसऱ्याने पाठवलं विटांच्या भट्टीमागे. मी म्हटलं, हा गट तरी खरा दिसतोय. अध्यक्ष होता, नियम होते, उशिरा आलेल्याला दंड होता. मी उभा राहून सांगितलं, मला दारूचा त्रास आहे. अध्यक्ष उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, भावा, योग्य जागी आलास, आम्हा सगळ्यांनाच आहे. आणि सरकून मला जागा करून दिली. मडक्याजवळ.

ओसेले : माणसं प्रेमळ आहेत ती.

एजोकू : तिसरे आंब्याखालचे. तिथे मी शहाणा झालो होतो. आधीच म्हटलं, मला सोडायचीय. ते म्हणाले, कधी? म्हटलं, आज. तर एकदम हळहळले. म्हणाले, मग शेवटची आमच्याकडूनच झाली पाहिजे. आणि वेळेवर आलो म्हणून मला सेक्रेटरी केलं.

ओसेले : प्यायलास?

एजोकू : नाही.

ओसेले : मास्तर.

एजोकू : नाही म्हणतो ना.

ओसेले : माझ्याकडे बघून सांग.

एजोकू : नळी हातात घेतली होती. त्यात खोटं नाही बोलणार. घेतली होती, तोंडापर्यंत आणली होती. मग शिंकलो.

ओसेले : शिंकलास?

एजोकू : मुद्दाम. शिंक आली की मडक्यापासून उठून लांब जावंच लागतं, हे तर लहान पोरालाही माहीत असतं. मग मी उठलो आणि शिंकत शिंकत रस्त्यापर्यंत आलो, आणि शिंकतच इथे पोचलो. आता खरीच सर्दी झाल्यासारखं वाटतंय.

ओसेले : हाहाहा! पस्तीस वर्षांत ही युक्ती मला सुचली नाही.

एजोकू : हसू नका हो. त्यातला एक जण मागून धावत आला, इकडेतिकडे बघितलं आणि कानात म्हणाला, ओसेले मिस्त्रीकडे जा. मला वाटलं, माझा अवतार बघून माप द्यायला पाठवतोय.

ओसेले : तुझं माप मी गेल्या वर्षीच घेऊन ठेवलंय. रस्त्यातून चालला होतास. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. मला वाटलं, हा फार तर पावसापर्यंत.

एजोकू : शिंप्याचं माप घेता?

ओसेले : तू नाही का घेत? त्या शाळेच्या हेडमास्तरांची पँट तूच शिवलीस ना? एक पाय दुसऱ्यापेक्षा चार बोटं आखूड. बिचारे दोन आठवडे पोरांसमोर टेबलामागून हलले नाहीत.

एजोकू : हात थरथरत होता हो.

ओसेले : माहीत आहे. म्हणून विचारतो, काय हवंय ते तोंडाने माग. इथे कोणी खुणेने मागत नाही. पहिला नियम तोच.

एजोकू : म्हणजे... इथेच आहे का ते? ह्या पेट्यांत?

ओसेले : ह्याच्याहून चांगली जागा कुठली? माझ्याकडे येणाऱ्याला कोणी विचारत नाही, का गेला होतास. टोपी काढतात आणि बाजूला होतात. माग आता.

एजोकू : मला दारू सोडायचीय. एकट्याने जमत नाही. आणि शनिवारपर्यंत जमलं नाही तर बायको, आकुरुत, मला नातीला हात लावू देणार नाही.

ओसेले : शनिवारी काय आहे?

एजोकू : नाव ठेवायचंय तिचं. बायको म्हणाली, एकट्याने घेतलेल्या शपथा मी बावीस वर्षं ऐकल्या, आता चार माणसांत बसून सोडणार असशील तर बाळाला मांडीवर घे, नाहीतर कुंपणाबाहेर उभा राहून बघ. माझी नळी तिने टोमॅटोच्या रोपाला टेकू म्हणून लावलीय. रोज सकाळी दिसते. टोमॅटो मात्र छान आलेत.

ओसेले : पुरे झालं. चल आत.

एजोकू : थांबा, थांबा. एक विचारायचं राहिलं. माझ्या सासूबाई आज इकडे येणार नाहीत ना?

ओसेले : कोण?

एजोकू : आकुरुतची आई हो. चार महिने झाले, दर मंगळवारी तुमच्याकडे येतात ना, स्वतःची पेटी बघायला? आधी म्हणे कड्या आवडल्या नाहीत. मग आतलं कापड बदललं. मग म्हणे लांबी कमी करा, मी दिवसेंदिवस आक्रसतेय. मिस्त्री, चार महिन्यांत लोक घर बांधतात!

ओसेले : चोखंदळ बाई आहेत.

एजोकू : त्या आल्या तर मला खिडकीतून उडी मारावी लागेल. बावीस वर्षांत मी त्यांच्या समोर उभा राहिलेलो नाही. सासू-जावयाने कसं लांब राहायचं ते आम्ही दोघंही काटेकोर पाळतो. त्या रस्त्यात दिसल्या की मी सरळ गटारात उतरतो. एकदा बाजारात अगदी अचानक गाठ पडली, तर दोघंही लपलो. एकाच कोबीच्या ढिगामागे.

ओसेले : मग?

एजोकू : मग काय, मी डोळे मिटले, त्यांनी अंगावरचं कापड डोक्यावरून ओढलं, आणि कोबीवाली आम्हा दोघांना ओरडली. तर आज येणार नाहीत ना?

ओसेले : कोण येतं, कोण येत नाही, मी सांगत नसतो. दुसरा नियम.

एजोकू : पेटीच्या गिऱ्हाइकांचंसुद्धा?

ओसेले : पेटीच्या गिऱ्हाइकांचं तर मुळीच नाही.

आतून आवाज : ओसेले! चहा उकळून उकळून डांबर झालाय. कोणाशी बोलतोयस इतका वेळ?

एजोकू : हा आवाज...

ओसेले : कुठला आवाज?

एजोकू : भिंतीपलीकडून बावीस वर्षं ऐकतोय मी हा आवाज! निघतो मी. गटार कुठेय तुमच्याकडे?

ओसेले : मास्तर, बाही सोडतो का मी तुझी? नाही सोडत. उभा राहा.

एजोकू : पण त्या पेटी बघायला आल्या असतील तर आत बसून चहा का... मिस्त्री, त्यांची पेटी कुठेय? दाखवा बघू मला. ह्या सगळ्या तर लांबच लांब आहेत.

ओसेले : दुसरा नियम.

एजोकू : पेटी नाहीच ना? कधीच नव्हती?

आतून आवाज : ओसेले, बाहेर जे कोणी आहेत, त्यांना सांग, पेटी नाही.

ओसेले : आई, तुम्ही स्वतःहून बोललात. मी एक अक्षर काढलं नाही.

सासूबाई : सांग त्यांना, मी तोंड भिंतीकडे केलंय. त्यांनी रस्त्याकडे करावं. गटारात उतरायची गरज नाही.

ओसेले : मास्तर, त्या म्हणतात...

एजोकू : ऐकलं मी. सांगा त्यांना, केलं. आणि सांगा, माझी चूक झाली, मला माहीत नव्हतं, मी जातो. जागा त्यांची आहे.

ओसेले : आई, ते म्हणतात...

सासूबाई : मला ऐकू येतं. सांग त्यांना, त्यांनी जायचं कारण नाही. मी जाते. मी म्हातारी बाई. माझं व्हायचं ते होऊन गेलंय. त्यांच्या मागे माझ्या लेकीचा संसार आहे.

एजोकू : सांगा त्यांना, अजिबात नाही! त्यांचे चार महिने झालेत. माझे चौदा दिवस. चौदा दिवस काय, कोणीही काढतं.

सासूबाई : सांग त्यांना, चौदा दिवसच जड असतात. चार महिने आपोआप जातात. मी ते चौदा दिवस सहा वेळा केलेत.

ओसेले : अरे, तुम्हा दोघांनाही एकमेकांचं स्वच्छ ऐकू येतंय. मी मध्ये कशाला?

एजोकू : तुम्ही सांगा!

सासूबाई : तू सांग!

ओसेले : बरं बाबा. मग मी दोघांनाही सांगतो, नीट ऐका. सोरोटीत दुसरा गट नाही. पुढचा थेट म्बालेला, टॅक्सी भरेपर्यंत अर्धा दिवस आणि पोचेपर्यंत उरलेला. गटातले बाकीचे आज दफनाला गेलेत. तिथे मडकी असणार, म्हणून जोडीजोडीने गेलेत, एकमेकांवर नजर ठेवायला. आज इथे मी आणि आई, दोघंच होतो. तू आलास, तिघं झालो. तू गेलास तर दोघं. त्या गेल्या तरी दोघं. आणि दोघंही मोठेपणा दाखवून निघून गेलात, तर मी ह्या पेट्यांसमोर उभा राहून सांगू का, माझं नाव ओसेले म्हणून? पेट्या तर काही बोलणार नाहीत.

एजोकू : पण गोल करून बसायचं म्हणजे समोरासमोर. कसं बसणार?

सासूबाई : सांग त्यांना, बरोबर बोलले. असं चालत नाही. माझ्या आईने केलं नाही, तिच्या आईने केलं नाही.

ओसेले : हे झाकण बघा.

एजोकू : कोणाचंय?

ओसेले : एका वकिलाचं. गुरुवारी लागणार आहे. चांगले रुंद होते, देव त्यांचं भलं करो. हे उभं केलं मध्ये, की ना तुला त्या दिसतील, ना त्यांना तू. ऐकण्यावर तर बंदी नाही ना? बावीस वर्षं भिंतीतून ऐकतच आलात. ही जरा पातळ भिंत समजा.

सासूबाई : ओसेले, ते धरून ठेवणारा कोणी हवा. पडलं तर?

ओसेले : मी मध्ये बसेन, पाठीने टेकवून. म्हातारपणी वकिलाचा आधार लागतोच म्हणतात.

(ओसेले झाकण दोन ठोकळ्यांवर उभं करून त्याला पाठ लावून बसतो. एका बाजूच्या स्टुलावर सासूबाई, दुसऱ्या बाजूच्या स्टुलावर एजोकू.)

ओसेले : दिसतंय कोणाला कोणी?

एजोकू : पावलं दिसतात खालून. त्यांच्या चपला.

सासूबाई : सांग त्यांना, बघू नका.

एजोकू : सांगा, नाही बघत.

ओसेले : आई, तुमच्यापासून सुरू करा. नेहमीसारखं. आज जे डोक्यात आहे ते.

सासूबाई : नेहमीसारखं कसं? झाकणाला सांगू?

ओसेले : वकील होते. ऐकायची सवय आहे.

सासूबाई : बरं. सगळं गाव म्हणतं, सोरोटीत आजोन करावी तर हिनेच. नाचणी भिजवण्यापासून सगळं माझ्या हातचं. चाखल्याशिवाय चांगली कशी होते, हे आजवर कोणी विचारलं नाही. मी चाखत होते. म्हातारा होता तोवर बोट बुडवून चाखायची. तो गेला, मग वाटीने. मग दार लावून. लेकीला वाटायचं, आई दुःखाने लवकर झोपते. हे ओसेलेला माहीत आहे. त्यांना माहीत नव्हतं.

एजोकू : सांगा त्यांना... माझ्या लग्नातली आजोन त्यांच्याच हातची होती. तशी पुन्हा प्यायलो नाही.

सासूबाई : सांग त्यांना, लग्नातली मी फक्त बोटाने चाखली होती. म्हणून चांगली झाली.

ओसेले : आणि आज काय आहे डोक्यात?

सासूबाई : शनिवार आहे. पणतीचं नाव ठेवायचंय. पणजीने आजोनमध्ये बोट बुडवायचं आणि एकेक नाव घेत बाळाच्या ओठांना लावायचं. ज्या नावाला बाळ चोखेल ते नाव तिचं. मी किती पोरांना असं बोट लावलंय, देवाला माहीत. बाळाला मी भीत नाही. त्यानंतरच्या बोटाला भिते. बाळाच्या ओठांवरून बोट उचललं की सगळे गाणं म्हणायला लागतात. बोटाकडे कोण बघतं? चार महिने, आणि ओलं बोट माझ्याच हाताला.

ओसेले : मग दुसरं कोणी बुडवू दे.

सासूबाई : पणजी जिवंत असताना? लोक विचारतील, का? काय सांगू, पेटी बघायला गेले होते?

ओसेले : लगेच पुसून टाका.

सासूबाई : तू पुसशील रे. मला माझं बोट माहीत आहे.

एजोकू : सांगा त्यांना, एक मिनिट.

ओसेले : काय शोधतोयस खिशात?

एजोकू : हे घ्या. माझं अंगुस्तान. शिवताना सुई टोचू नये म्हणून बोटावर घालतो ते. पितळेचं आहे, माझ्या गुरूंचं होतं, कडा गुळगुळीत आहे, बाळाला लागणार नाही. सांगा त्यांना, बोटावर चढवायचं, मग बुडवायचं. बाळाच्या ओठांना लावायचं. आणि काम झालं की काढून आकुरुतच्या हातात द्यायचं. आतलं बोट कोरडंच राहील.

ओसेले : अंगुस्तान?

एजोकू : काय झालं? मूर्खपणा वाटतोय का? लोकांनी विचारलं तर सांगा, जावई शिंपी आहे, त्याने मानाने दिलंय.

ओसेले : आई, हे घ्या. झाकणाखालून सरकवतो.

सासूबाई : सैल आहे.

एजोकू : सांगा त्यांना, आत थोडा कापूस भरायचा. नाहीतर मी आजच मापाचं... नाही, माप मला घेता येणार नाही. कापूसच बरा.

सासूबाई : सांग त्यांना, बसलं आता. मधल्या बोटाला बसलं. ओसेले, त्यांना विचार, त्यांचं काय? त्यांचे चौदा दिवस कशामुळे सुरू झाले?

ओसेले : नवीन माणसाने पहिल्या दिवशी सांगितलंच पाहिजे असं नाही.

एजोकू : सांगतो. चेहरा दिसत नाहीये तोवर सांगून टाकतो. बाळ दहा दिवसांचं होतं. आमची लेक झोपली होती, आकुरुत विहिरीवर. मी म्हटलं, नातीला जरा कोवळं ऊन दाखवतो. आसिओचं अंगण वाटेतच आहे. ते म्हणाले, आजोबा झालास, बस की. मी बसलो. बाळ मांडीवर, नळी तोंडात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरी जागा झालो. बाळ घरी होतं. कोण घेऊन आलं, कधी, मला माहीत नाही. अजून माहीत नाही. आकुरुत सांगत नाही. ती म्हणते, तूच आठव. मिस्त्री, मी रोज आठवायचा प्रयत्न करतो. बाळ रडलं असेल ना? मला ते रडणंसुद्धा आठवत नाही.

ओसेले : मास्तर...

एजोकू : मी नाही रडत. ती शिंक आहे.

सासूबाई : ओसेले, त्यांना सांग, बाळ रडलं नव्हतं. झोपलं होतं.

एजोकू : त्यांना कसं माहीत?

सासूबाई : सांग त्यांना, मीच आणलं होतं. त्या दिवशीही मंगळवार होता. इथून निघून घरी जात होते. आसिओच्या कुंपणातून बघितलं. त्यांचे डोळे मिटलेले होते, म्हणून आत जाता आलं. नाहीतर कशी गेले असते?

एजोकू : त्या... मडक्याजवळ आल्या? माझ्या इतक्या जवळ?

सासूबाई : सांग त्यांना, बाळाला उचलायला हात लांबवावा लागतो. आणि मडकं समोरच होतं, अर्ध्याच्या वर भरलेलं. हात भरलेले होते म्हणून वाचले. त्यांच्या नातीने त्या दिवशी मला वाचवलं. एवढं सांग, आणि पुन्हा ह्या विषयावर मला विचारू नको.

ओसेले : मास्तर, ऐकलंस?

एजोकू : ऐकलं.

ओसेले : मग आता शेवटचं काम. उभा राहा. इथे नवीन माणूस स्वतःचं नाव सांगतो. मग आम्ही त्याचं नाव घेतो आणि ये म्हणतो. एवढंच आहे, बाकी काही पूजाअर्चा नाही.

एजोकू : पण मिस्त्री, आमच्या रीतीत त्यांना माझं नाव घेता येत नाही. मी त्यांच्यासाठी बावीस वर्षं ‘आकुरुतचा माणूस’ आहे.

ओसेले : माहीत आहे. त्या गप्प बसतील. मी दोघांच्या वतीने जरा मोठ्याने म्हणेन. तुझं तू सांग.

एजोकू : माझं नाव एजोकू. मी शिंपी आहे. मी दारुडा आहे. आज चौदा दिवस झाले, आणि आज नळी हातात घेऊन खाली ठेवली.

ओसेले : ये, एजोकू!

एजोकू : झालं? बसू?

सासूबाई : ओसेले, त्यांना सांग...

ओसेले : काय सांगू आई?

सासूबाई : काही नको. तू राहू दे.

ओसेले : बरं.

सासूबाई : ये, एजोकू.